कानात सांगितलेले पिक्चर

सेतुराव, तुला जाऊन अजून महिना झाला नाही आणि मी तुझ्याशी भांडायला बसलोय. गेलेल्या माणसाबद्दल लोक चांगलं लिहितात. मीही लिहीन. पण आधी भांडण. तू समोर असतास तर नेहमीसारखा चष्मा पुसत बसला असतास आणि मी बोलून दमलो की म्हणाला असतास, "झालें? आतां कापी पिऊं." आता कॉफी नाही, चष्मा नाही, मधे उठून जायची सोय नाही. बैस आणि ऐक.

आपल्या मराठी मंडळाच्या लोकांनी अंकासाठी मजकूर मागितला. म्हणाले, तुम्हीच त्यांचे जुने दोस्त, दोन पानं द्या. मी म्हटलं, मी चौथी शिकलेला वेल्डर, मला बोलता येतं तसंच लिहिता येईल, नंतर कुणी सुधारायचं नाही. तर म्हणाले जन्म कुठला, शिक्षण काय, कुठल्या सालात रिटायर झाले, तेवढं घाला. ते त्यांनी कारखान्याच्या कागदावरून घ्यावं. मला एवढंच ठाऊक, की तुझे पूर्वज कधीकाळी तंजावरला गेले ते तिकडचेच झाले, आणि मी पोटासाठी कराडकडून तमिळ मुलखात आवडी नावाच्या गावातल्या कारखान्यात आलो तो इकडचा झालो नाही. तू स्टोअरच्या जाळीआड बसायचास. मी हातमोजे मागायला आलो आणि तू म्हणालास, "कोणत्या गांवचे तुम्ही?" मला वाटलं, जाळीआड पोथी कोण वाचतंय! ती तुझी मराठी. आमच्याकडे आजीची आजीसुद्धा तशी बोलली नसेल. आणि तुला माझी मराठी ऐकून वाटायचं, हा माणूस सारखा रागावलेला का असतो.

पुढच्या रविवारी तू मला पिक्चरला नेलंस. मी म्हटलं, मला काय कळणार, सगळं तमिळ. तू म्हणालास, "कान दे."

तो दिलेला कान मी परत घेतलाच नाही.

आपली पद्धत सगळ्या थेटरला माहीत झाली होती. तू डावीकडे, मी उजवीकडे. पडद्यावर माणूस बोलला की तू माझ्या कानात तेच मराठीत सांगायचास. पुढचे लोक वळून ओरडायचे, "पेसादे!" बोलू नका म्हणून. मग आपण मागच्या रांगेत कोपऱ्यात, खडखडणाऱ्या पंख्याखाली बसायला लागलो. त्या पंख्याच्या आवाजात आपलं खपून जायचं. हाणामारीचा राजा असो, कोळीण असो, इन्स्पेक्टर असो, सगळे माझ्या कानात तंजावरची जुनी मराठी बोलायचे. गुंड सुरा काढून म्हणायचा, "आतां तुज कोण राखतो तें बघतों." मला हसू फुटायचं आणि तू रागवायचास. "हसूं नको, त्याची आई मेली आहे."

बदल्यात मी तुला डोळे दिले. हे कबूल कर. तुला बघताच यायचं नाही. मारामारीत कोण खोटा पडतोय, कुणाचा ठोसा लागायच्या आधीच मान फिरली, हे मी सांगायचो. हिरो गोदामात वेल्डिंग करतो, ठिणग्या उडतायत आणि डोळ्यावर काच नाही, तेव्हा मी उठून उभा राहिलो होतो. "हा आंधळा होईल!" तू मला शर्टाला धरून खाली बसवलंस. "होऊं दे. आंधळा झाला तरी हिरोईण आहे त्यास."

मारामारीचे पिक्चर मी अजून बघतो, पण आता त्यात वजन राहिलेलं नाही. माणूस वीस फूट उडतो आणि खाली पडतो तर धूळ उडत नाही. हजारो सैनिक असतात आणि एकाच्याही पायात काटा टोचत नाही, सगळं कॉम्प्युटरवर काढलेलं. लोखंड उचललेल्या माणसाला हे फसवता येत नाही. भुताच्या पिक्चरबद्दल आपलं कधी जमलं नाही. माझं म्हणणं, भूत बोललं की संपलं. ती भाताच्या गिरणीतली बाई नुसती पट्ट्याशेजारी उभी होती तोवर मी खुर्चीचा हात सोडला नव्हता; तोंड उघडून सासूची तक्रार करायला लागली आणि मी शेंगदाणे खायला लागलो. तू म्हणायचास, बोलायचं राहून गेलं म्हणूनच ती आली ना, मग बोलू दे की तिला. आता तू गेल्यावर मला त्यात थोडं तथ्य वाटतं. थोडंच.

प्रेमाच्या पिक्चरमधली गाणी तू मला कधी सांगितली नाहीस. "गाण्यास अर्थ कशाला रे, नुसतें ऐक." बर्फात ती पोरगी पातळ साडीत नाचते आणि तो स्वेटर घालून, हे मला कधी पटलं नाही. आणि विनोदी पिक्चर सगळ्यांत अवघड, हे तुला कधी पटलं नाही. रडवायला काय, आई मारली की झालं. हसवायला माणूस लागतो. ते दोन नवरदेव आणि एकच जरीचं धोतर, आठवतं? दुसऱ्याचं लग्न लागेपर्यंत पहिला खोलीत पंचा गुंडाळून बसतो आणि भिंतीवरच्या देवाला म्हणतो, "तुमचेंही एकच आहे वाटतें?" आपण इतके हसलो की डोअरकीपर बॅटरी घेऊन आला. माझ्या मते त्या पिक्चरसारखा पिक्चर झाला नाही. म्हणजे, असं मला परवापर्यंत वाटत होतं.

आता मुद्द्यावर येतो.

माझी बायको गेल्यावर मी आवडी गावातल्या खोलीत एकटा राहत होतो, हे तुला सांगायला नको. विलास, माझा मुलगा, मागे लागला होता की बाबा इकडे या. त्याचा फ्लॅट इकडे समुद्राच्या बाजूला, ऑफिसांच्या रांगेत, चौदाव्या मजल्यावर. मी नाही म्हटलं. माझी खोली, माझा स्टोव्ह, माझी किल्ली. तू एकदाच विषय काढलास आणि मी तुला म्हटलं, पुन्हा बोललास तर रविवार बंद. मग तू बोलला नाहीस. मला वाटलं, जिंकलो.

त्यानंतर तू मला तो बसवाल्या म्हाताऱ्याचा पिक्चर दाखवलास. जन्मभर डोंगरातल्या घाटात बस चालवलेला माणूस. बायको गेलेली. मुलगा शहरात. शेवटी म्हातारा पिशवी घेऊन मुलाच्या दारात उभा राहतो. मुलगा आत, हा उंबऱ्याबाहेर. संगीत वाजतंय. म्हातारा काहीतरी बोलतो, त्याच्या तोंडावर पिक्चर थांबतो आणि दिवे लागतात. तू माझ्या कानात सांगितलंस, "म्हणतो, सारा जन्म गाडी म्यां चालविली. आतां मागल्या सीटवर बैसून गांव बघतों. राहतों."

सेतुराव, मी रडलो. लोकांनी बघितलं तरी पुसलं नाही. कारण तो म्हातारा शरण गेला नव्हता. ताठ मानेने मागच्या सीटवर बसला होता. असं असेल तर जमतं, मला वाटलं. दुसऱ्या आठवड्यात मी विलासला फोन केला, टेम्पो घेऊन ये. आणि ज्याला त्याला सांगत सुटलो, पिक्चर बघावा तर बसवाल्याचा.

इथे कसं आहे ते तू बघितलंस. मला कुणी त्रास देत नाही. विलास चांगला, सून मेघना त्याहून चांगली. दुधाचा पेला हातात येतो. पण दाराला किल्ली नाही, आतून असो बाहेरून असो, आकडे दाबायचे असतात, आणि ते आकडे मला कुणी सांगितले नाहीत. "तुम्हाला कशाला बाबा, घरात कुणीतरी असतंच." मी एकदा खाली गेलो तर गेटवरच्या वॉचमनने आधी वर फोन केला आणि मी तिथे प्लास्टिकच्या खुर्चीत पार्सलासारखा बसलो. खिडकीला कबुतरांसाठी जाळी लावलीय. कबुतरं बाहेर आहेत. लांबवर समुद्रकाठाने कोवलम गावाकडे जाणाऱ्या बस दिसतात, काड्यापेटीएवढ्या, आणि मी नुसत्या बघतो. रागवायचं म्हटलं तर कुणावर? वाईट माणसांत कोंडलं तर दार फोडता येतं. इथे दार फोडलं तर मेघना म्हणणार, बाबा, हाताला लागलं का?

त्यात तू होतास म्हणून निभावलं. दर रविवारी मांबळमच्या तुझ्या घरून दोन बस बदलून यायचास. मग तुझा दम वाढला, येणं थांबलं. तेव्हा आपण दोघांनी आपापल्या घरी एकच चॅनल लावायचं आणि फोन कानाला धरायचा. तू तिकडून सांगायचास, मधे खोकायचास, आणि इथे मेघना स्वयंपाकघरातून विचारायची, "बाबा, तासभर कोण बोलतंय? एवढं काय चाललंय?" मी म्हणायचो, "खून झालाय. थांब."

तू गेल्यावर टीव्ही लावला तरी मला आवाज येईना असं झालं. आवाज यायचा, पण तो माझ्या कानात शिरत नव्हता.

तुझं तेरावं झालं आणि नंतरच्या एका दुपारी बसवाल्याचा पिक्चर लागला. सुट्टीचा दिवस, विलास घरी. मी दोघांना हाक मारली. "या, या, बसा. हा पिक्चर बघून मी तुमच्याकडे आलोय." शेवट आला. दार आलं, पिशवी आली. मी उठून उभा राहिलो आणि म्हाताऱ्याच्या बरोबरीने मोठ्याने म्हटलं, अगदी तुझ्या सुरात, "आतां मागल्या सीटवर बैसून गांव बघतों. राहतों."

मेघनाने टाळी वाजवली. विलासने मात्र रिमोट उचलला.

"बाबा, तो असं म्हणत नाही."

"तुला काय कळतंय!"

"मी इथेच जन्मलो बाबा. मला तमिळ कळतं."

"मग काय म्हणतो?"

त्याने रिमोटने मागे नेलं. हल्ली टीव्ही मागे नेता येतो, तुला ठाऊक नसेल. "तुम्हीच ऐका," म्हणाला. मी ऐकलं. सेतुराव, सगळी दोनच वाक्यं होती, आणि तीही भाजीबाजारातल्या तमिळसारखी साधी. आत येत नाही. गाडी खाली उभी आहे.

बस्स. म्हातारा राहायला आलाच नव्हता. निरोप घ्यायला आला होता.

इतक्या वर्षांत एवढं तमिळ मलाही येतं. दूधवाल्याशी, बसमध्ये, डॉक्टरकडे याहून जास्त बोलतो मी. त्या दिवशी थेटरातही ते मला कळलं असतं. पण तू कानात बोलत होतास आणि मी पडद्याचं ऐकतच नव्हतो. कधीच ऐकलं नाही.

मी विलासला दुसरे पिक्चर विचारायला लागलो. लॉजमधल्या खुनाचा, त्यात खुनी कोण? मी म्हटलं, आचारी. तो म्हणाला, "मेहुणा, बाबा. आचाऱ्याला तर तिसऱ्या सीनला कामावरून काढतात." अरे! मी सगळ्या बिल्डिंगला आचारी सांगून बसलोय. आणि धोतराचा? भिंतीवरच्या देवाला काय म्हणतो तो? विलासने डोकं खाजवलं. "काही म्हणत नाही. नुसता हात जोडतो."

मी खोलीत गेलो आणि तुझ्या घरी फोन लावला. जानकीवहिनींनी उचलला. म्हटलं, वहिनी, तुमच्या यजमानांनी मला फसवलं.

त्या शांतपणे म्हणाल्या, "होय. मज ठाऊक आहे."

"काय ठाऊक आहे?"

"त्या दिवशीं जेवले नाहींत. म्हणाले, म्हातारा निघून गेला गे, आणि म्यां त्यास ठेवून घेतला."

"पण का?"

"तुम्ही न्हाणींत पडलां होतां कीं नाहीं? सकाळपासून पडून होतां. हे आले तेव्हां दार उघडलें."

पडलो होतो. ते तुला आणि मलाच ठाऊक होतं. वहिनींनाही तू सांगितलंस, हे मला तेव्हा कळलं.

"विलासास सांगूं नको म्हणोन तुम्ही गळ्याची शपथ घातलीत. मग काय करतील? जागले, जागले आणि तुम्हांस पिक्चरास घेऊन गेले." मग म्हणाल्या, "माणसाचें ऐकत नाहीं तुम्ही, कराडकर. पिक्चराचें ऐकतां."

मी फोन ठेवला. माझा राग असा होता की कुणाच्या तोंडावर मारता येत नव्हता. तू मेलेला. वहिनी विधवा. मुलाने तर फक्त खरं सांगितलं. तुझ्या खोट्या वाक्यावर मी माझी खोली सोडली, स्टोव्ह देऊन टाकला, आणि इथे जाळीमागे बसून काड्यापेट्या बघतोय. मला विचारायचं तरी होतंस! हो, मी नाहीच म्हटलं असतं. पण ते नाही माझं असतं.

मी पिशवी भरली. दोन शर्ट, धोतर, औषधं. कारखान्याजवळ पट्टाभिराम गावात आपल्या कारखान्यातल्या एका जुन्या माणसाची खोली रिकामी आहे, मला माहीत होतं. बाहेर येऊन म्हटलं, विलास, दार उघड, मी जातो. मेघनाचं तोंड उतरलं. ती काही बोलणार होती, विलासने हाताने थांबवली. त्याने वाद घातला नाही. पुढे येऊन आकडे दाबले, दार उघडलं, आणि बाजूला झाला.

मी बाहेर पाऊल टाकलं आणि वळलो.

आता बघ कसं होतं. तो आत, मी उंबऱ्याबाहेर, हातात पिशवी. लिफ्ट वर येत होती. फक्त संगीत नव्हतं. विलासने विचारलं, "बाबा, काय म्हणता?"

माझ्याकडे दोन वाक्यं होती. एक त्या म्हाताऱ्याचं, खरं. एक तुझं. पहिलं म्हणावं तर माझ्यासाठी खाली कुठलीच गाडी उभी नव्हती, आणि त्या न्हाणीतली फरशी किती गार होती ते माझ्या पाठीला अजून आठवतं. दुसरं म्हणावं तर मेलेल्या माणसाने दुसऱ्यांदा मला हलवलं असं झालं असतं. मी कान दिला. सवयच ती. डावीकडे कुणी नव्हतं. लिफ्ट आली, दार उघडलं, रिकामीच होती, मिटली.

तेव्हा मला एक कळलं, सेतुराव, आणि ते तुझ्या बाजूचं आहे म्हणून लिहायला जड जातंय. धोतरवाला देवाला काही म्हणत नाही. गुंडांची ती भाषा, आचाऱ्याने केलेला खून, कोळिणीचे टोमणे, सगळं तुझं होतं. मी थेटरात बसून इतकी वर्षं ज्याच्यावर हसलो, रडलो, ज्याच्याशी बाहेर येऊन भांडलो, तो पडद्यावर नव्हताच. माझा आवडता पिक्चर कुठला, असं आता कुणी विचारलं तर मला नाव सांगता येणार नाही. तू मांबळमच्या स्मशानात गेलास आणि माझे सगळे पिक्चर बरोबर घेऊन गेलास. इतकं मोठं काही मला आयुष्यात दुसऱ्या कुणी दिलं नाही. आणि विचारल्याशिवाय दिलंस, त्याचा राग आहे तो आहेच. दोन्ही राहू दे.

विलास अजून थांबला होता.

मी म्हटलं, "दाराचा आकडा सांग."

"काय?"

"आकडा. दाराचा. मला पाठ करायचाय."

त्याने सांगितला. मी म्हटलं, आता दार लाव. "बाबा, तुम्ही बाहेर..." लाव म्हटलं ना! त्याने लावलं. मी चौदाव्या मजल्याच्या बोळात एकटा, पिशवी पायाशी. चष्मा लावून एकेक आकडा दाबला. पहिल्यांदा चुकला, दार ओरडलं. आतून मेघना म्हणाली, "उघडू का?" मी म्हटलं, हात लावायचा नाही. दुसऱ्यांदा उघडलं. आत गेलो, पुन्हा बाहेर आलो, पुन्हा लावायला लावलं, पुन्हा उघडलं. शेजारची बाई दारात येऊन बघत होती. बघू दे. सातारा जिल्ह्यातल्या माणसाला दार उघडता येतं, एवढं तिला कळू दे.

जाळी अजून तशीच आहे. वॉचमन अजून वर फोन करतो. त्याच्याशी भांडण चालू आहे. येत्या रविवारी वहिनींना भेटायला एकटा बसने जाणार, असं घरात सांगितलंय. विलास म्हणतो, मी सोडतो. मी म्हणतो, मग मी जातच नाही. बघू कोण जिंकतं.

पण दाराच्या आत आलो तेव्हा पिशवी खाली ठेवून मी एक शब्द बोललो होतो. तो विलासला ऐकू गेला नाही. तुला सांगतो, कान दे. तू सांगितलंस म्हणून नव्हे, माझं मी ठरवून म्हटलं.

राहतों.